दुर्बिणीचं बघू

लहान मुलाला पहिली दुर्बीण घेऊन देणे ही इतकी गंभीर बाब आहे, की तिच्यात लहान मुलांनी लक्ष घालू नये, याबद्दल सर्व सुजाण कुटुंबांत एकमत आढळते. खेळणे चुकले तर माळ्यावर टाकता येते. चपला चुकल्या तर धाकट्या भावंडाला होतात. दुर्बीण चुकली तर मात्र मूल जन्मभर चुकीच्या आकाशाकडे बघत राहण्याचा धोका असतो. (आकाश एकच असते, असे काही जण म्हणतात. त्यांनी अजून दुर्बीण घेतलेली नसते.)

आमच्या घरात ही जबाबदारी ज्या शिस्तीने पार पाडण्यात आली, ती इतरांना मार्गदर्शक ठरावी म्हणून हा वृत्तांत. मी एका कार्यालयात परिपत्रकांचे मसुदे करतो. माझ्या परिपत्रकामुळे आजवर कोणाचेही काम अडलेले नाही, कारण ते पोचेपर्यंत काम उरलेलेच नसते. त्यामुळे दुर्बीण निवड समितीचा चिटणीस कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी लाजलो.

प्रकरणाची सुरुवात माझ्या भाचीपासून झाली. ती तिसरीत आहे. तिला घरात टिटवी म्हणतात, कारण संध्याकाळ झाली की तिचे प्रश्न सुरू होतात. एक दिवस शाळेतल्या बाईंनी वर्गाला सांगितले, की आकाशात शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, येतो आहे. सूर्य मावळला की पश्चिमेला दिसेल, काही आठवडे मुक्काम करील आणि मग काही हजार वर्षे इकडे फिरकणार नाही. टिटवी घरी आली आणि पाठीवरचे दप्तरही न उतरवता बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, शेपटीवालं नक्षत्र आलंय. मला दुर्बीण घ्याल?"

तिचे बाबा म्हणजे माझे भाऊजी. ते विमा कंपनीत दावे तपासतात. समोरचा माणूस खरे बोलत असेल, ही शक्यता ते सर्वांत शेवटी विचारात घेतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पश्चिमेऐवजी छताकडे पाहिले आणि म्हणाले, "बघू."

इथे थोडे थांबणे भाग आहे. 'बघू' हा आपल्या भाषेतला सर्वांत कार्यक्षम शब्द आहे. त्याला खर्च येत नाही, सही लागत नाही आणि तो दिल्यावर घेणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखे वाटते. नुसते 'बघू' म्हणजे नाही. 'बघूया' म्हणजे नाहीच, पण त्या 'नाही'मध्ये तुम्हीही सामील आहात. 'बघतो' म्हणजे नाही, आणि त्याची जबाबदारी मी घेतो. 'बघायला पाहिजे' म्हणजे नाही, आणि त्याची जबाबदारी कोणाचीच नाही. 'बघू हं' हा पाहुण्यांसमोर वापरायचा प्रकार असून त्यात डोक्यावरून हात फिरवणे समाविष्ट आहे. माझ्या ढोबळ पाहणीनुसार घरात उच्चारलेल्या दर दहा 'बघूं'पैकी साडेनऊ जागच्या जागी विरतात. उरलेला अर्धा नवा फ्रीज घेताना वापरात येतो.

टिटवीला यातले काही ठाऊक नव्हते. शब्दांना त्यांचा अर्थ असतो अशा समजुतीचे तिचे वय. 'बघू' म्हणजे आपण सगळे मिळून बघणार, असा तिने सरळ व्याकरणाला धरून अर्थ लावला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केले, की आमच्या घरचे सगळे शेंडेनक्षत्र बघणार आहेत. बाईंनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि म्हणाल्या, "घरच्यांना काय काय दिसलं ते तू आम्हांला सांग हं." ही गोष्ट तिने घरी येऊन सांगितली तेव्हा भाऊजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकदा दावा दाखल झाला, की चौकशी समिती नेमण्यावाचून इलाज नसतो.

समितीत भाऊजी अध्यक्ष होते. टिटवीची आई, म्हणजे माझी ताई, सदस्य होती. टिटवीच्या आत्याला घेतले, कारण कोणतीही वस्तू विकत न घेता तिच्याबद्दल महिनाभर वाचत राहण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. आणि तज्ज्ञ म्हणून तिच्या काकांना बोलावले. गेल्या वर्षी काकांचे पित्ताशय दुर्बिणीने काढले होते. दुर्बिणीचा प्रत्यक्ष अनुभव असलेले घरात ते एकटेच.

पहिली बैठक दिवाणखान्यात झाली. खोलीला लागून पश्चिमेची गॅलरी आहे आणि मध्ये काचेचे दार. टिटवीला साक्षीसाठी बोलावण्यात आले. काय बघायचे आहे, असे विचारता ती म्हणाली, "शेपटीवालं नक्षत्र." आणखी काय, असे विचारता ती म्हणाली, "आणखी काही नाही." हे उत्तर समितीला अत्यंत बेजबाबदार वाटले. एका नक्षत्रासाठी अख्खी दुर्बीण घ्यायची, तर उद्या एका बटणासाठी अख्खा सदरा घ्यावा लागेल, असे भाऊजी म्हणाले. दुर्बीण मुलीबरोबर वाढली पाहिजे. तिने आज धूमकेतू दाखवावा, उद्या प्राणी-पक्षी, परवा परीक्षेतले गुण. साक्षीदाराला गृहपाठ करण्यासाठी सोडून देण्यात आले.

"मी गॅलरीत जाऊ?" टिटवीने दारातून विचारले. "आता दिसेल ते."

"जा, पण दार लावून घे. डास येतात," ताई म्हणाली.

मग काकांनी तज्ज्ञ या नात्याने मत मांडले. "दुर्बीण म्हणजे काय खेळ वाटला तुम्हांला? मला तीन भोकं पाडली. एक सांगतो, बारीक घ्या. जितकी बारीक तितकी चांगली. जाड दुर्बिणीची खूण राहते." त्यांनी पुराव्यादाखल सदरा वर करण्याची तयारी दाखवली, पण समितीने शब्दावर विश्वास ठेवला. नळी शक्य तितकी बारीक असावी, असा मुद्दा मी टिपून घेतला. शिवाय दुर्बीण करण्याच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही नसावे, ही काकांची सूचना ताईने विशेष लक्षात ठेवली.

ताईची चिंता डोळ्यांची होती. एकाच डोळ्याने बघितल्यावर दुसरा आळशी होतो का? आळशी झाल्यास कोणत्या वर्षी झाला हे शाळा विचारते का? तिचा दुसरा मुद्दा समोरच्या इमारतीचा होता. गॅलरीत दुर्बीण दिसली की लोक काय म्हणतील? या मुद्द्यावर बरीच चर्चा होऊन, आमची दुर्बीण फक्त वर बघेल, असे समोरच्यांना आधीच कळवावे असे ठरले. त्याप्रमाणे मी जाऊन कळवले. दोनच दिवसांत समोरच्या सगळ्या खिडक्यांना जाड पडदे लागले. त्याआधी आमच्याकडे बघण्यासारखे काही आहे, हे त्यांच्या डोक्यातही आले नव्हते.

इतक्यात काचेवर टकटक झाली. टिटवीने दार बोटभर उघडले.

"दिवा घालवा ना थोडा वेळ. उजेड बाहेर येतो. मला नीट दिसत नाहीये."

"अगं, आम्ही तुझंच काम करतोय ना!" भाऊजी म्हणाले. "अंधारात कसं करायचं?"

 टिटवीने दार लावून घेतले. तिच्या हातात पुठ्ठ्याची एक नळी होती, कापडाच्या गुंडाळीच्या आतून निघते तशी. (ही नळी पुरेशी जाड असल्याने समितीच्या निकषांत बसत नव्हती.)

पुढच्या बैठकीत आत्याने फोनवरचे ग्राहकांचे अभिप्राय वाचून दाखवले. ज्यांना आपण ओळखत नाही अशा माणसांचे मत हे सर्वांत निःपक्षपाती असते, या तत्त्वावर तिचा विश्वास आहे. एका गृहस्थांनी दुर्बिणीला पाचपैकी एकच तारा दिला होता, कारण त्या दिवशी ढग होते. एका बाईंचे म्हणणे असे, की चंद्र फोटोत दिसतो त्यापेक्षा बराच खडबडीत निघाला. त्यांनी तो परत केला होता. तिसऱ्याने लिहिले होते, 'पॅकिंग उत्तम, तारे ठीक.' सर्वांत विश्वासार्ह अभिप्राय ज्याने अजून खोके उघडलेच नव्हते त्याचा होता. त्याने पाचही तारे दिले होते.

या काळात टिटवी रोज संध्याकाळी गॅलरीत जाई आणि रोज आत येऊन अहवाल देई. "आज कालच्यापेक्षा वर आहे." "आज शेपूट लांब झालंय." "आज शेजारी एक साधी चांदणी पण आहे." मी हे सगळे नोंदवून पुढील बैठकीपुढे ठेवत असे. निघता निघता ती माझी बाही ओढायची. "मामा, ये ना. दोनच मिनिटं. दुर्बिणीशिवाय पण दिसतं थोडं." मी तिला समजावले, की समितीचा निर्णय होण्याआधी चिटणिसाने परस्पर काही पाहणे नियमाला धरून होणार नाही. आपण बघू.

"कधी?" तिने विचारले. 'बघू'ला 'कधी' लावता येत नाही, हे तिला तेव्हाही कळलेले नव्हते.

त्यानंतर समितीने दुकानाला भेट दिली. टिटवीला नेले नाही. लहान मुले दुकानात हट्ट करतात. दुकानदार मोठा हुशार होता. गिऱ्हाईक काय बोलते याच्याशी तो आधी सहमत होई आणि मग ते काय बोलले ते ऐके.

"काय बघायचंय आपल्याला?" त्याने विचारले.

"शक्यतो सगळं," भाऊजी म्हणाले.

"डोळ्याला न लावता बघता येईल असं काही?" ताई म्हणाली.

"टाके किती दिवसांनी काढतात?" काका म्हणाले.

दुकानदाराने तिघांनाही "अगदी बरोबर" असे उत्तर दिले आणि दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या. एक जाडजूड, आखूड, पिंपासारखी. तिची नळी रुंद आहे, त्यामुळे उजेड जास्त गोळा होतो आणि पुसट गोष्टी दिसतात, तिला सारखे हलणारे पायही नाहीत, असे तो म्हणाला. काकांनी तिच्याकडे एकदाच पाहिले आणि पोटावर हात ठेवला. दुसरी दुर्बीण लांब, बारीक, तीन काटकुळ्या पायांवर उभी. कोणी दुकानात शिंकले तरी ती मान हलवायची. पण तिच्या खोक्यावर 'सहाशे पट' असे छापले होते. पहिलीच्या खोक्यावर आकडाच नव्हता. जी वस्तू स्वतःबद्दल एक आकडाही सांगत नाही तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असे भाऊजी म्हणाले, आणि दावे तपासण्यातला त्यांचा अनुभव पाहता कोणी वाद घातला नाही. शिवाय बारकीच्या खोक्यावर एका मुलाचे चित्र होते. तो डोळा दुर्बिणीपासून चांगला वीतभर लांब ठेवून आमच्याकडे बघून हसत होता. ताईला हे फार आवडले. डोळ्यांची काळजी घेणारी ही एकच कंपनी दिसते, असे ती म्हणाली.

तरीही लगेच खरेदी केली नाही. घरी येऊन अंतिम बैठक घ्यायची, असे ठरले होते. घाईत घेतलेल्या दुर्बिणीतून घाईतलेच दिसते.

अंतिम बैठक दिवेलागणीला सुरू झाली. दिवाणखान्यातला मोठा दिवा लावला होता, शिवाय खोक्यावरची बारीक अक्षरे आत्याने फोनवर आणली होती म्हणून टेबलावरचाही. टिटवी गॅलरीत पाटावर उभी होती. शाळेतल्या बाईंनी सांगितले होते, की आता थोडेच दिवस उरले. नक्षत्र पुसट होत चालले आहे. हे तिने आम्हांला जेवताना सांगितले होते आणि काकांनी तिला आमटी वाढली होती.

दुर्बिणीच्या पायांना रबरी बूट असावेत की नसावेत, यावर चर्चा रंगात आली असतानाच दिवे गेले. आमचे, समोरच्या इमारतीचे, रस्त्यावरचे, सगळे एकदम. पंखा गरगरत हळूहळू थांबला. सगळीकडे काळेशार झाले.

आणि गॅलरीतून टिटवी ओरडली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"दिसलं! पूर्ण दिसलं! बाबा, केवढं मोठं आहे! आई! मामा, या! सगळे या!"

आत समितीची धांदल उडाली. भाऊजींचा गुडघा टेबलावर आपटला. आत्या काडेपेटी शोधत होती, ताई मेणबत्ती, आणि काका आहे तिथेच हात पसरून उभे राहून आपल्याला धक्का लागू देऊ नका, असे सर्वांना बजावत होते. मी नोंदींचे कागद छातीशी धरले होते. अंधारात ते विस्कटले असते.

"लवकर या ना!" टिटवी काच वाजवत होती. "सगळं आकाश दिसतंय!"

"आलो, आलो!" भाऊजी ओरडले. "थांब जरा! आधी उजेड होऊ दे, मग बघू!"

हे वाक्य मी नंतर अनेकदा मनात उच्चारून पाहिले आहे. त्यात व्याकरणाची चूक नाही.

तेवढ्यात उजेड झाला. पंखा फिरू लागला, रस्ता पिवळा झाला, समोरच्या पडद्यांमागून टाळ्या ऐकू आल्या आणि आम्हीही वाजवल्या. सगळे खुर्च्यांवर बसले. भाऊजींनी गुडघा चोळत विचारले, "हां, कुठे होतो आपण?" मी कागद बघून सांगितले, "रबरी बुटांवर."

टिटवी गॅलरीतून आत आली. तिने पाट जागेवर ठेवला. पुठ्ठ्याची नळी दाराआड उभी केली. मग ती आतल्या खोलीत गेली. मला फार वाईट वाटले. इतिवृत्तात वाईट वाटण्यासाठी रकाना नसल्याने मी ते इथे लिहितो आहे.

रबरी बुटांसह बारीक दुर्बीण घ्यावी, असा निर्णय एकमताने झाला. दुर्बीण घरी आली तेव्हा आकाशात ढग होते. ढग गेले तेव्हा नक्षत्रही गेले होते. या बाबीची समितीने गंभीर दखल घेतली. मात्र बाईंनीच सांगितल्याप्रमाणे ते काही हजार वर्षांनी परत येणार असल्याने संधी हुकलेली नसून केवळ पुढे ढकलली गेली आहे, हे काकांनी निदर्शनास आणले. तोवर दुर्बीण नीट झाकून ठेवावी, असे ताईने सुचवले.

पण नवी वस्तू घरात असताना कोणाचे हात स्वस्थ बसतात? पुढच्याच सुट्टीच्या दिवशी दुपारी दुर्बीण जोडण्याचे काम हाती घेतले. भाऊजी सूचना वाचत होते, काका त्या दुरुस्त करत होते. संध्याकाळपर्यंत ती तीन पायांवर उभी राहिली, आणि एक स्क्रू उरला. भाऊजींनी डोळा लावला. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "दिसतंय! स्वच्छ दिसतंय!" समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती. ती उलटी दिसत होती, झाकण खाली आणि नळ वर.

"भूल उतरायला वेळ लागतो," काका म्हणाले.

मग एकेकाने पाळी घेतली. आत्याने टाकीला चार तारे दिले. ताईने वीतभर अंतरावरून बघितले आणि काहीच न दिसल्यामुळे समाधान व्यक्त केले. मीही पाहिले. अशी देखणी टाकी मी पूर्वी पाहिली नव्हती. आम्ही इतके हसलो, एकमेकांना इतके ढकलले, की दुर्बीण कोणासाठी आणली होती ते शेवटी भाऊजींनाच आठवले. ते दारात गेले. टिटवी आतल्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. कागद सगळा काळा रंगवलेला होता आणि मध्ये एक लांब पांढरी शेपूट मोकळी सोडली होती.

"टिटवे, ये! तुझी पाळी! ये लवकर, उजेड आहे तोवर बघून घे!"

टिटवीने खडू थांबवला. कपाळावर आलेले केस हाताने वर सारले. आमच्याकडे पाहिले नाही, छताकडे पाहिले.

"बघू," ती म्हणाली, आणि पुन्हा रंगवू लागली.

नुसते 'बघू' होते. त्याला 'हं' नव्हता, 'या' नव्हता. भाऊजी दारातून वळले. मग परत आले आणि म्हणाले, "बघितलंत? किती समंजस झालीय." दुर्बिणीमुळे मुलांची समज वाढते, असे खोक्यावर छापलेलेच होते. समितीने तो दावा मान्य केला. भाऊजींनी नोकरीतसुद्धा इतक्या लवकर दावा मान्य केल्याचे कोणाला आठवत नाही.

समिती बरखास्त झाली आहे. दुर्बीण खोक्यात आहे, बुटांसह. टिटवी आता संध्याकाळी काही विचारत नाही, त्यामुळे घरात खूपच शांतता असते, आणि अशा शांततेतच हा वृत्तांत लिहिता आला.

आपणही तो इथवर शांतपणे वाचलात, याबद्दल आभारी आहे. मध्ये एकदा कोणीतरी तुमच्याजवळ येऊन उभे राहिले होते. बाही ओढून काहीतरी विचारत होते. बहुधा बाहेर येऊन काहीतरी पाहायला बोलावत होते. तुम्ही या पानावरून मान वर न करता उत्तर दिलेत. उच्चार अगदी स्पष्ट होता. ते आता तिथे उभे नाही.